तिचं झालं असेल का दर्शन?

गेल्या महिन्यात आईला घेऊन काशीला जाऊन आलो. भुसावळला गाडीत बसल्यापासून तिचं एकच चाललं होतं, "एकदा विश्वनाथ बघितला की सुटले." वय शहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले. म्हणून मी निघण्याआधीच मोबाईलवर सुगम दर्शनाचं तिकीट काढून ठेवलं होतं. पैसे भरले की वेगळी रांग, कमी वेळ. आईला काही बोललो नाही.

आमची रांग पुढे सरकत होती आणि शेजारच्या लोखंडी कठड्यापलीकडे साधी रांग जवळजवळ थांबलेलीच होती. तिथे एक नऊवारीतली म्हातारी उभी. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी. आईचं लुगडं बघून तिनेच विचारलं, "कुठल्या गं माय तुम्ही?" ती परभणीकडची निघाली. पहाटे चारपासून उभी होती. आई म्हणाली, "पाय दुखत नाहीत का?" ती हसून म्हणाली, "दुखत्यात की. पण घरी बसूनबी दुखतच व्हते."

तेवढ्यात आमची रांग सरकली. आम्ही आत गेलो, आईने हात जोडले, डोळे भरून आले. पाऊण तासात बाहेर. मीही खूश होतो.

बाहेरच्या मोठ्या चौकात अहिल्याबाईंचा पुतळा आहे. आज आपण ज्या मंदिराचं दर्शन घेतो ते त्यांनी १७८० साली बांधून दिलं. आपल्या चौंडीची लेक, इंदूरच्या गादीवर बसली आणि काशीत मंदिर उभं केलं. आईने तिथेही बराच वेळ हात जोडले.

संध्याकाळी घाटावर बसलो होतो. काशीत चौऱ्याऐंशी घाट आहेत म्हणतात. कुठल्याही घाटाच्या पायऱ्या उतरा आणि डुबकी मारा, पास कोणी विचारत नाही. शेजारी कोणी केस उतरवलेला, कोणी पिंडदान करून आलेला, कोणी नुसताच बसलेला. आई गंगेकडे बघत होती. मला वाटलं समाधानात आहे. तर म्हणाली, "त्या परभणीच्या बाईचं झालं असेल का रे दर्शन?"

मंडळी, खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही.

कारण हे काशीपुरतं नाही. मी वीस वर्षं पत्रकारिता करतोय. गाडीवर 'प्रेस' लिहिलंय. पंढरपूर असो, आपल्या देवीची नवरात्रातली यात्रा असो, मी कधी रांगेत उभा राहिलेलो नाही. एक फोन केला की आत. आणि फक्त मीच नाही. दरवर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, पाहुणे आलेत, चार पास बघा ना." मी बघतो. त्यात मला मोठेपणाही वाटतो, खोटं कशाला बोलू? पण मी आत घातलेला प्रत्येक माणूस रांगेतल्या कोणाच्या तरी पुढे घुसलेला असतो, हा साधा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता.

एकनाथ महाराजांचा भागवत ग्रंथ काशीतच पूर्ण झाला, १५७३ साली. त्यांची गाढवाची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीय. रामेश्वराला वाहायला नेलेलं गंगेचं पाणी त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो, मान डोलावतो आणि बाहेर येऊन पास कुठे मिळतो ते विचारतो.

१९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, ते विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून. ते दार उघडलं. आता दार सगळ्यांना उघडं आहे, पण कोण किती वेळात पोचणार हे ओळख आणि खिसा ठरवतो. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मला कळतं. तरीही देवासमोर माणसांची वर्गवारी करायची खोड तीच आहे.

आता लोक म्हणतील, संस्थानं चालवायला पैसा लागतो, अन्नछत्र चालतं, भक्तनिवास उभे राहतात. मान्य. पण त्यासाठी दानपेटी आहे, देणगीची पावती आहे. आणि माझ्या आईसारख्या म्हाताऱ्यांचं काय? त्यांना सवलत हवीच. गरोदर बाया, अपंग, लेकुरवाळ्या, सगळ्यांना हवी. फक्त ती गुडघे बघून द्या, पाकीट बघून नको. ती परभणीची बाई आईच्याच वयाची होती. तिच्याकडे तिकीट काढून देणारा मुलगा नव्हता, फरक एवढाच.

म्हणून नवरात्राच्या आधी आपल्या देवस्थान समितीकडे तीन साध्या मागण्या करतोय. साठीच्या पुढच्यांना आणि अपंगांना वेगळी रांग, फुकट. बाकीच्यांना वेळेचं टोकन, म्हणजे उन्हात तासन्‌तास उभं राहायला नको. आणि रोज संध्याकाळी फळ्यावर लिहा, आज किती पास दिले आणि कोणाच्या शिफारशीवरून. नेत्यांची नावं येऊ द्या, अधिकाऱ्यांची येऊ द्या. पत्रकारांचीही येऊ द्या, मागच्या वर्षांत माझं नाव त्यात नक्की सापडलं असतं.

दरवर्षी आषाढीला कितीतरी वारकरी गर्दीमुळे आत न जाता नामदेव पायरीला डोकं टेकवतात, कळसाला हात जोडतात आणि घरी परततात. त्यांची वारी अपुरी राहिली असं कोणी म्हणत नाही. श्रद्धेला गाभाऱ्यापर्यंतचा शॉर्टकट लागत नाही. शॉर्टकट लागतो तो आपल्या मोठेपणाला.

यंदा मी साध्या रांगेत उभा राहणार आहे. रस्त्याचं, पाण्याचं, दवाखान्याचं काम असेल तर रात्री-अपरात्री फोन करा, उचलेन. पाससाठी मात्र करू नका. पाहुणे आले असतील तर त्यांनाही रांगेत घेऊन या, चहा माझ्याकडून.