गल्लीतली गाडी आणि रस्त्याचा हक्क

तरावीहच्या मधल्या विसाव्यात मशिदीच्या माइकवरून एखाद्या गाडीचा नंबर पुकारला जातो. ज्यांची असेल त्यांनी ताबडतोब हलवावी, मागे कुणीतरी अडकले आहे. सफेतून एक जण उठतो, अंधारात चप्पल शोधतो आणि बाहेर पळतो. मुंबईच्या मोहम्मद अली रोडलगतच्या गल्ल्यांत रमजानच्या रात्रींत याचे कुणाला काही वाटेनासे झाले आहे. वाटायला हवे.

हा रस्ता आधीच दमलेला. 2002 मध्ये त्याच्या डोक्यावरून सुमारे अडीच किलोमीटरचा जे. जे. उड्डाणपूल गेला. कागदोपत्री त्याला माहीमच्या मखदूम अली माहिमी या सूफी संताचे नाव आहे, बोलताना मात्र सगळे जे. जे.च म्हणतात. अपघातांमुळे 2010 पासून दुचाकींना पुलावर बंदी आली. त्या सगळ्या खालून जातात, हातगाड्या, टॅक्स्या, बेस्टच्या बसगाड्या आणि पायी चालणाऱ्यांच्या सोबतीने. मुख्य रस्त्यावर गाडी उभी करायची सोय नाही, म्हणून ती गल्लीत शिरते. गल्लीतल्या इमारती बऱ्याचशा पागडीच्या, उपकरप्राप्त, म्हणजे 1969 पूर्वीच्या. त्या उभ्या राहिल्या तेव्हा इथल्या भाडेकरूकडे कधी मोटार येईल हे मालकाच्या ध्यानीमनी नव्हते. तळमजल्यावर दुकाने, वर खोल्या. गाडी ठेवायला आवार असे नाहीच.

आता संध्याकाळ पाहा. टॅक्सी चालवणारा रहिवासी इफ्तारीला घरी पोचण्याच्या घाईत असतो. गल्लीत तीन फेऱ्या मारूनही जागा मिळत नाही आणि अजान गाडीतच होते; डॅशबोर्डवरच्या खजुराने रोजा सुटतो. त्याच्या दारासमोर मीनारा मशिदीकडे मालपुवा आणि फिरनी खायला आलेल्या पाहुण्यांची मोटार उभी असते. पाहुणे सर्व धर्मांचे असतात, दादर-ठाण्याहून हौसेने येतात, आणि ते येतात ही या मोहल्ल्याची शानच आहे. पण मस्जिद स्टेशन तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. खाण्यासाठी येणाऱ्याने पोट हलके करत चालत यावे, यात गैरसोय कसली?

दोष मात्र पाहुण्यांवर ढकलून मोकळे होता येणार नाही. दारासमोर विटा, पाण्याचा पिंप, मोडकी खुर्ची मांडून सार्वजनिक रस्ता खासगी करणारे गल्लीतलेच. वर्षभर न हललेली, टायर बसलेली मोटारही गल्लीतलीच. रस्त्यात बसू नका, बसावेच लागले तर रस्त्याचा हक्क अदा करा, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. वाटेतली अडचण दूर करणे हे ईमानच्या शाखांपैकी एक मानले आहे. अल्लाहचे हक्क तो माफ करील, माणसांचे हक्क मात्र ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात, हे दर रमजानच्या बयानात ऐकवले जाते. रुग्णवाहिका अडवणारी गाडी ज्याने लावली, त्याने त्या रुग्णाला कुठे जाऊन गाठायचे? वीस रकात पूर्ण केल्या म्हणून ते देणे फिटत नाही.

सरकारी इलाज आजवर दंडाचेच. जुलै 2019 मध्ये मुंबई महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या 500 मीटर परिसरात बेकायदा पार्किंगला 5,000 ते 23,000 रुपयांपर्यंत दंड लावला. चर्चा खूप झाली, पण वाहनतळच नसलेल्या गल्लीला त्याचा उपयोग काय? 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जागेचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नको, अशी कल्पना मांडली. नव्या संकुलांसाठी ती ठीक. पागडीच्या खोलीत राहणाऱ्या टॅक्सीवाल्याला मात्र ती थेट धंद्यातून उठवते.

त्यापेक्षा गल्लीवार परवाने द्यावेत. महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी आधी गल्ली मोजावी, अग्निशमन दलाची गाडी जाईल एवढी रुंदी मोकळी सोडून किती वाहने मावतात ते पांढऱ्या पट्ट्यांनी आखावे. तेवढेच परवाने, एका घराला एक, तेही रात्रीपुरते. पहिला मान पोटापाण्याच्या टॅक्सीला आणि माल पोचवणाऱ्यांच्या दुचाकीला. दुसऱ्या मोटारीचा हौशी मालक रांगेत शेवटी. आणि हे फुकट नसावे. या भागात कितीतरी कुटुंबांकडे सायकलही नाही. त्यांच्या वाट्याचा रस्ता दुसऱ्याच्या मोटारीला मोफत का द्यायचा? यावर मोहल्ल्यात नाराजी होईल. होऊ द्यावी. लालबागला गणपतीच्या दिवसांत राहणाऱ्यांना हाच जाच सोसावा लागतो, तेव्हा नियम एकट्या रमजानपुरता आणि एकट्या मोहल्ल्यापुरता नसावा.

परवाने यायला वर्षे लागतील. तोवर इफ्तारीचे ताट मांडणाऱ्या पोरांपैकी चौघांना असरच्या नमाजनंतर गल्लीच्या तोंडाशी उभे करता येते. पिंप आणि विटा त्यांनीच उचलाव्यात, सुरुवात मशिदीच्या विश्वस्तांच्या दारापासून.