लिंक अप आहे हो, पण...

लीज्ड लाईनची तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं: "सर, लिंक अप आहे, पिंग चालू आहे." माझं स्पष्ट मत, हे उत्तर मान्यच करू नये.

साधं गणित बघा. २ एमबीपीएसच्या ई-वन लाईनवर दहा लाख बिटांमागे एक बिघडतोय समजा. १५०० बाइटच्या पॅकेटात १२,००० बिट, म्हणजे शंभरातलं साधारण एक पॅकेट फुकट. पिंगचं ६४ बाइटचं पिल्लू मात्र दोन हजारांत एखादंच अडकतं. पिंग झकास, फाइल रडतखडत! आणि 'सिस्टिम स्लो आहे' म्हणून बोलणी खातो तो शाखेतला काउंटरवरचा माणूस.

म्हणून आधी राउटरवरचे एरर काउंटर शून्य करा, तासाभराने वाचा. स्लिप वाढताहेत? क्लॉकचं सेटिंग बघा, दोन्ही टोकं एकाच क्लॉकवर हवीत. नुसतेच सीआरसी एरर वाढताहेत? मग लूप टाकून तपासा: आधी आपला मोडेम, मग एक्स्चेंज, मग पलीकडचं टोक. जिथपासून एरर सुरू, दुखणं त्याच तुकड्यात. बहुतेकदा केबल, नाहीतर कनेक्टर.

भाडं आपण पूर्ण लाईनचं भरतो ना? मग तक्रारही आकडे लिहूनच करावी. आकड्यांपुढे "आमच्याकडून ओके आहे" फार वेळ टिकत नाही.