केसपेपरवर नसलेला रकाना

देवगाव फाट्याजवळ दवाखाना चालवणाऱ्या एका वाचकाने या महिन्यात आम्हाला एका रुग्णेची हकीकत कळवली. फाइल जाडजूड. टीएसएच, प्रोलॅक्टिन, नवऱ्याचे सीमेन, पीसीओएसचे निदान, लेट्रोझोलच्या तीन सायकली. चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात : '१२, १४, १६ - संबंध ठेवा.' नवरा ट्रकवर, त्या तारखांना तो जिल्ह्यातच नव्हता. टीव्हीएस जमेना म्हणून सोनोग्राफी पोटावरून केलेली आणि एचएसजी भूल देऊन. या दोन नोंदी वाचून तरी कुणाला शंका यायला हवी होती. लग्नाला चार वर्षे झाली तरी त्या जोडप्याचा संबंध एकदाही पूर्ण झालेला नव्हता. तिला कुणी विचारले नाही. सासू शेजारी बसलेली असताना तीही बोलली नाही.

पत्रलेखकाचा रोख सरकारवर आहे, आणि तो रास्तच आहे. २०२१ च्या एआरटी कायद्याने समुपदेशन बंधनकारक केले. पण कायद्याच्या व्याख्येत बसते ते शरीराबाहेर हाताळलेले बीज. म्हणजे आयव्हीएफ करणाऱ्या बाईला समुपदेशनाचा हक्क, आणि गोळ्या घेऊन तारखा मोजणारीला काहीच नाही. तालुक्याच्या पातळीवर आपण बहुतेक जणींना हेच तर देतो! बरे, कायद्यातले समुपदेशन तरी कशाचे? उपचाराचे परिणाम, यशाची शक्यता, धोके, खर्च. प्रत्यक्षात पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी सह्या झाल्या की समुपदेशन झाले. तपासणीला येणारे पथक रजिस्टर पाहते. ती बाई रात्री झोपते का, नवऱ्याजवळ जायची तिला धास्ती वाटते का, हे कुठल्याच रजिस्टरात नसते.

पण सगळे खापर सरकारवर फोडून आपण सुटणार नाही. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने निदान झालेल्या प्रत्येकीची नैराश्य आणि चिंता यांसाठी चाचपणी करायला सांगितले आहे, लैंगिक अडचणींचाही विचार करायला सांगितले आहे. आपल्यापैकी किती जण हे करतात? एंडोमेट्रिओसिसमध्ये 'पाळीत दुखते का' हे आपण विचारतो, 'संबंधाच्या वेळी दुखते का' हे गाळतो. हनुवटीवरच्या केसांसाठी गोळी लिहितो, त्या केसांपायी ती लग्नकार्याला जायचे टाळते हे ऐकून घेत नाही. वर 'ओपीडीत वेळ कुठे असतो?' हे उत्तर तयारच. पहिल्याच भेटीत विचारले असते तर या रुग्णेची भूल, एचएसजी आणि तीन सायकली वाचल्या असत्या. त्यात कुणाचा किती वेळ गेला?

लाज वाटते म्हणावे, तर र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' १९२७ साली सुरू केले आणि वाचकांच्या असल्या प्रश्नांना छापील उत्तरे दिली. त्यापायी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. आपल्याला तर बंद दाराआड विचारायचे आहे.

तेव्हा सरकारी परिपत्रकाची वाट पाहू नका. सासूला आणि नवऱ्याला पाच मिनिटे बाहेर बसवा. केसपेपरवर तीन ओळी छापून घ्या : संबंध होतात का, दुखते का, मन कसे आहे. तारखा लिहिण्याआधी नवरा घरी असतो का, घरात निजायला वेगळी खोली आहे का, हे विचारा. योनिआकर्षाची शंका आली तर एचएसजी थांबवा आणि जोडप्याला लैंगिक समस्या हाताळणाऱ्याकडे चिठ्ठी द्या. उदास दिसली तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवा. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लावा, तो फुकट आहे. बदललेला केसपेपर आमच्याकडे धाडा, पुढच्या अंकात छापू. न बदलण्याची कारणे मात्र धाडू नका, ती आम्हाला पाठ आहेत.