भाडे वसूल, वचन थकीत

सोलापुरात भाड्याचे घर पाहावयास गेलेला माणूस खोल्या किती, हे नंतर विचारतो. पाण्याची सोय काय, हे आधी विचारतो. या शहराने वर्षानुवर्षे तीन-तीन, चार-चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर दिवस काढले आहेत. नळाला पाणी सुटले की ते घराच्या हौदात पडते आणि हौदातून गच्चीवरच्या टाकीत मोटारीने चढते. म्हणून ज्या घरात हौद, टाकी आणि चालू मोटार आहे, त्याचे भाडे वेगळे आणि ज्यात ती नाही, त्याचे वेगळे. पंखे, गीझर, कूलर यांचेही तसेच. घरमालक या सोयी मोजून दाखवितो आणि त्या मोजूनच भाड्याचा आकडा सांगतो.

पुढे एके दिवशी मोटार जळते. मग मालक ‘पाहू’ म्हणतो, मिस्त्री गावाला गेलेला असतो, आणि पंधरवड्यानंतर ‘तुमच्याच वापराने बिघडली, तुम्हीच करून घ्या’ असे उत्तर मिळते. तोवर घरातील बाई हौदात बादली सोडून जिन्यावरून पाणी वाहत असते. भाड्याची तारीख मात्र चुकत नाही. मोटार बंद पडली म्हणून भाडे बंद पडत नाही, एवढेच नव्हे, तर ते एका रुपयाने कमीही होत नाही. ज्या सोयीची किंमत दरमहा वसूल होते, ती सोय मात्र दिली जात नाही, असा हा व्यवहार आहे. एखाद्या दुकानदाराने किलोचे पैसे घेऊन पाऊण किलो माल दिला, तर त्याला लबाडी म्हणतात. घराच्या बाबतीत तिला ‘घरमालकाची अडचण’ असे सौम्य नाव का मिळावे?

कायदा याविषयी अगदी मुका आहे, असे नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्यातील ‘जागा’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ भिंती आणि छप्पर येत नाही. मालकाने वापरासाठी दिलेले फर्निचर आणि जागेच्या अधिक चांगल्या उपभोगासाठी बसविलेली जोडसाधनेही तीत येतात. विरुद्ध करार नसेल, तर जागा राहण्यायोग्य दुरुस्तीत ठेवण्याचे बंधन कलम १४ ने मालकावर घातले आहे. नोटीस दिल्यापासून पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने, किंवा अनेक भाडेकरूंनी मिळून, ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र ही वळती एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक नसावी. कलम २९ पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि सफाई या आवश्यक सेवा योग्य कारणाविना तोडण्यास किंवा अडवून धरण्यास मनाई करते. न्यायालय अशी सेवा पुन्हा सुरू करण्याचा अंतरिम आदेशही देऊ शकते.

मग अडते कोठे? अडते ते ‘भाडेकरू’ या एका शब्दावर. आज भाड्याने राहण्यास येणाऱ्या बहुतेकांच्या हाती भाडेपट्टा पडत नाही. पडतो तो अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’चा कागद. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्याने जागेत राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले. त्यानंतर आलेला परवानाधारक त्या छपराबाहेर राहिला. कलम १४ आणि कलम २९ ही दोन्ही बोलतात ती भाडेकरूविषयी. दवाखान्यातील परिचारिका, बाहेरगावचा विद्यार्थी, यंत्रमागावर काम करणारा आणि दर वर्षी बिऱ्हाड बदलणारा कामगार यांच्यासाठी मोटारीचे वचन हे केवळ कराराचे वचन उरते. करारात ते लिहिलेले नसेल, तर हवेतच विरते.

याच कायद्याचे दुसरे टोक पाहावे. मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे त्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून मालकाला ताबा मिळतो. त्या कारवाईत लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. राहणाऱ्याने उशीर केला तर दुप्पट दंड, मालकाने दुरुस्तीस महिना लावला तर काहीच नाही. कायद्याचा काटा कोणत्या बाजूस झुकला आहे, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेला आदर्श भाडेकरार कायदा हा काटा सरळ करीत नाही. त्याच्या अनुसूचीत गीझरची दुरुस्ती भाडेकरूच्या वाट्याला टाकली आहे. पाच वर्षे जुना गीझर मालकाने बसवावा, त्याचे भाडे घ्यावे आणि तो फुटला की खर्च नव्याने आलेल्याने सोसावा, हा न्याय कसला?

सोलापुरातील प्रत्येक घरमालक धनाढ्य नसतो, हे खरे आहे. गिरणीतून बाहेर पडल्यावर मिळालेल्या पैशांतून एखाद्याने वरची खोली बांधलेली असते आणि तिच्या भाड्यावर त्याचे म्हातारपण चालते. परंतु यंत्राची झीज भाड्यात धरलेलीच असते. ती रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे हा व्यवहार आहे, दया नव्हे. भाडेकरूच्या निष्काळजीपणाने वस्तू मोडली, तर तो खर्च त्याने द्यावा, यातही वाद नाही. वाद आहे तो झिजून बंद पडलेल्या वस्तूचा.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा असो वा परवान्याचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. ही जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असा करार नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. वस्तीतील कार्यकर्त्यांनी ही एवढी गोष्ट घरोघर पोहोचविली, तरी पुष्कळ होईल. घर घेताना मोटार, पंखे, गीझर यांची यादी त्यांच्या चालू स्थितीसह करारास जोडावी. दुरुस्ती किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने, हे त्यात लिहावे. तक्रार तोंडी न करता लेखी करावी. दुरुस्तीची पावती जपावी. एका वाड्यातील चार बिऱ्हाडांनी मिळून दिलेली नोटीस एकट्याच्या दहा विनवण्यांहून जड असते.

आणि मागणी एकच असावी : कलम १४ आणि कलम २९ चे संरक्षण प्रत्येक परवानाधारकास लागू करावे. कागदाचे नाव बदलले म्हणून पाण्याची गरज बदलत नाही. ज्या सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी संघटनेच्या बळावर २००६ मध्ये कुंभारी येथे १०,००० घरांची वसाहत उभी राहिलेली पाहिली, त्या शहराला ही मागणी अवघड वाटू नये. स्वतःचे घर मिळेपर्यंतची वर्षे माणूस भाड्याच्या घरातच काढतो. त्या वर्षांचे पैसे तो पुरते मोजतो. त्याला घरही पुरतेच मिळाले पाहिजे.