वसुबारस आणि शेजारचे दार

आज वसुबारस. दिवाळीची पहिली पणती आज लागते, आणि ती लागते गाय-वासरासाठी. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज हे सारे माणसांच्या ऐश्वर्याचे आणि माणसांच्या नात्यांचे दिवस. परंतु या सणमालेचे दार उघडण्याचा मान आपल्या पूर्वजांनी मुक्या जनावरास दिला. आज सायंकाळी सुवासिनी सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालतील, हळदकुंकू वाहतील. घरोघरी बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी होईल. दूध-तूप आज वर्ज्य, कारण आजचे दूध वासराचे. गहू आणि मूगही वर्ज्य, आणि ते का, हे सांगणारी कहाणी आपणांपैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असेल.

कहाणीतील म्हातारीच्या गोठ्यात गव्हाळी आणि मुगाळी अशी दोन वासरे होती. शेतावर जाताना तिने सुनेला गव्हाळे-मुगाळे शिजवून ठेवण्यास सांगितले. तिच्या मनात होते ते धान्य; सुनेने समजले ते वासरू. घरी परतलेल्या म्हातारीने काय घडले ते पाहिले आणि ती देवापुढे बसून राहिली. सायंकाळी गायी रानातून हंबरत आल्या, तो वासरे जिवंत होऊन उड्या मारीत आयांकडे धावली. कहाणी येथे सुफळ संपूर्ण होते. मला मात्र तिच्यात नेहमीच एक गोष्ट विचार करण्याजोगी वाटत आली आहे. ती सून दुष्ट नव्हती. तिने जे केले ते घरातल्या घरात, चुलीपाशी, न समजून केले. आणि म्हातारीने ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणून त्यावर झाकण घातले नाही.

हे सारे सांगण्याचे कारण आमच्या सोसायटीतील एक कुत्रा.

पुण्याच्या कोथरूड भागात आमच्या सोसायटीच्या दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या बिऱ्हाडाची गॅलरी दिसते. त्या घरच्या चिरंजीवांनी २०२१ साली, टाळेबंदीच्या काळात, एक पिल्लू आणले. दोन वर्षे त्याचे लाड झाले. मग चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरला गेले आणि कुत्रा गॅलरीत आला. जेमतेम आठ फूट लांबीची, पश्चिमेकडे तोंड असलेली ती गॅलरी. २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोननंतर तिच्यात सावली म्हणून उरत नसे. साखळी कठड्याच्या गजाला बांधलेली. पाण्याचे भांडे बहुधा सकाळीच उपडे झालेले असे आणि ते रात्रीपर्यंत तसेच राही. कुत्रा प्रथम भुंकत असे. पुढे तो भुंकेनासा झाला, आणि सांगावयास संकोच वाटतो, त्या शांततेचे आम्हां सर्वांस प्रथम बरेच वाटले.

मी काय केले? काही नाही. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत मी कारणे शोधीत राहिलो. मालक वडीलधारे, पेशाने शिक्षक राहिलेले, कधी कोणाशी चढ्या आवाजात न बोलणारे. अशा माणसाच्या घरात आपण कोण नाक खुपसणार? शिवाय एका आवारात राहावयाचे. जिन्यात गाठ पडते, पाण्याच्या टाकीपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत शंभर कामे एकमेकांकडे असतात. एके दिवशी आमच्या सौ.ने भांडी लावता लावता विचारले, “त्या उसाच्या गाडीवाल्याला तुम्ही भर रस्त्यात थांबवले होते ना? मग यांना का नाही?”

प्रश्न वर्मी लागला. काही वर्षांपूर्वी गळिताच्या हंगामात, चढावर फेस गाळणारी बैलजोडी पाहून मी मोटार थांबवली होती आणि त्या गाडीवानाला चार शब्द सुनावले होते. पुढे कित्येक दिवस मी ती हकीकत अभिमानाने सांगत असे. आज विचार करतो तेव्हा वाटते, त्या गाडीवानाचे पोट त्या खेपेवर होते, त्याचे बैल त्याच्याइतकेच राबत होते आणि मला उलट उत्तर देण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. म्हणूनच माझी भूतदया इतकी निर्भय होती! आमची करुणा रस्त्यावर, गरिबाच्या जनावरापाशी मोठी शूर असते. सुशिक्षित शेजाऱ्याच्या बंद दारापाशी आली की तिला अचानक सभ्यता आठवते. केवळ व्यक्तींचेच असे नाही. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १८९० च्या कायद्याचीही नजर मुख्यतः चव्हाट्यावरच्या क्रौर्यावर होती. घराचा उंबरठा ओलांडून मालकाच्या निष्काळजीपणास गुन्हा म्हणण्याचे काम १९६० च्या कायद्याने स्पष्टपणे केले. त्यासाठी राज्यसभेत प्रथम विधेयक मांडले ते नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी.

आपली संतपरंपरा या बाबतीत काय सांगते, हेही मी मनाशी ताडून पाहिले. नाथांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ते गाढव कोणाचे होते, हे कथेत कोणी विचारीत नाही; नाथांनीही विचारले नाही. पण ते गाढव उघड्या वाळवंटात होते. नाथ आणि ते तहानलेले जनावर यांच्यामध्ये जाळीचे दार नव्हते, दारावर नावाची पाटी नव्हती. आमचे गाढव दुसऱ्या मजल्यावर कुलपाआड आहे. तेथे आपल्या हाताने पाणी पाजता येत नाही. पाणी पोचवायचे तर मालकाला हाक मारावी लागते, आणि मालक ऐकत नसेल तर आणखी कोणाला तरी. ही दुसरी हाक म्हणजेच तक्रार. तिच्याविषयी संतकथा मौन आहेत, म्हणून ती अधर्म ठरत नाही.

अखेर गणेशोत्सवात प्रसादाचे निमित्त करून मी ते दार ठोठावले. आत गेलो तेव्हा बऱ्याच गोष्टी उलगडल्या. गृहस्थांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, त्यांच्या पत्नीला दम्याचा विकार. कुत्रा आत घेतला की त्यांना श्वास लागत असे. मुलगा दर रविवारी दूरध्वनीवरून “त्याला कोणाला देऊ नका, मी येऊन घेऊन जातो” म्हणे आणि येत नसे. मी म्हणालो, “सर, रोज सकाळी मी त्याला फिरवून आणत जाईन.” त्यांना बरे वाटले. दहा-बारा दिवस तसे झालेही. मग एके दिवशी त्यांनीच दाराआडून सांगितले, “उगीच तुम्हाला तसदी. आमचे आम्ही बघू.” लोक काय म्हणत असतील, हा विचार त्यांच्या मनात आला असावा. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा जाळीचे दार उघडलेच नाही.

त्याच वर्षीच्या वसुबारसेला आमच्या कोपऱ्यावर नेहमीप्रमाणे एक बाई गाय-वासरू घेऊन आली. आवारातील स्त्रिया ताम्हणे घेऊन उतरल्या. त्यांत त्या बाईही होत्या. धाप लागत असताना त्या जिने उतरून आल्या होत्या. त्यांनी गायीच्या मुखी घास घातला, वासराच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे मिटून हात जोडले. त्यांच्या भक्तीत खोट होती असे मी म्हणणार नाही. पण माझी नजर वर गेली. गॅलरीत भांडे उपडे पडले होते.

तरीही मी थांबलो! सणासुदीत कोणाच्या दारी पोलीस नकोत, भाऊबीज होऊन जाऊ दे, असे मी स्वतःला समजावले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या माळा लागल्या तेव्हा तो कुत्रा साखळीला हिसके देत, गजांवर आदळत होता. मी खिडकी लावून घेतली.

भाऊबीजेनंतर मी अर्ज लिहिला. त्यासाठी कायदा वाचला आणि थक्क झालो. १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमात पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणारा मालक तर आहेच. परंतु अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे, आणि नित्य बांधून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी प्रमाणात फिरविण्याची व्यवस्था न करणे हासुद्धा स्वतंत्र गुन्हा आहे. जणू कोणी आमची गॅलरी पाहूनच ते शब्द घातले होते. शिक्षा वाचली आणि मन खट्टू झाले: पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये दंड. ठाण्यावर अर्ज सभ्यपणे घेतला गेला; हा गुन्हा अदखलपात्र आहे, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून आम्हांस तपास करता येत नाही, असेही सभ्यपणे सांगितले गेले. अदखलपात्र! कायद्याच्या परिभाषेत त्या शब्दाला निश्चित अर्थ आहे, हे मी जाणतो. पण सहा महिने त्या जिवाची ज्याने दखल घेतली नाही, त्याच्या कानांना तो शब्द निराळाच लागला.

तथापि अर्ज वाया गेला नाही. प्राणिक्लेशनिवारणाची काही परंपरा आपल्याकडे आहे. मुंबईत त्यासाठीची संस्था १८७४ सालीच निघाली आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ पासून आहे; पुढे २००१ च्या नियमांनी जिल्ह्याजिल्ह्यांत अशी संस्था असावी अशी तरतूद केली. आमच्याकडेही अशाच कामातील एक कार्यकर्ती पशुवैद्यासह आली. तिने दरडावले नाही. दोन तास त्या दांपत्याशी बोलत बसली, आणि त्यांनी आपणहून लिहून देऊन कुत्रा सोडला. खटला झाला नाही, दंडही झाला नाही. पट्टा काढला तेव्हा मानेला जखम निघाली. वैद्य म्हणाले, “यातली काही जुनी आहे, काही आठवड्यांची. काही अगदी ताजी आहे.” जुन्या जखमेचा हिशेब मी त्या गृहस्थांकडे मागू शकेन कदाचित. ताजी माझ्या नावावर आहे.

आमच्या सोसायटीत यावर बरेच बोलले गेले. आज कुत्र्यासाठी पोलिसांत गेले, उद्या आमच्या भांडणासाठी जातील, असे एकजण म्हणाले. ही भीती अगदीच पोकळ नाही. मोटार उभी करण्याच्या जागेवरून वितुष्ट आलेला माणूस शेजाऱ्याच्या मांजराच्या नावाने अर्ज करतो, भुंकण्याने झोपमोड झालेल्याला एकाएकी भूतदयेचा पुळका येतो, हे आपण सर्वच पाहतो. म्हणून तक्रार करू इच्छिणाऱ्याने आधी स्वतःला चाचपून पाहावे, असे माझे मत आहे. मी दार ठोठावले होते काय? उद्या मालक म्हणाला, “मग तुम्हीच फिरवून आणा,” तर मी साखळी हातात घेईन काय? अर्जाखाली मी माझे नाव घालीन काय? एकट्यादुकट्या स्त्रीला किंवा भाडेकरूला नाव घालणे अवघड जाते, हे मला मान्य आहे. परंतु माझ्यासारख्या, घर स्वतःच्या मालकीचे असलेल्या निवृत्त माणसाने निनावी पत्र टाकू नये. आणि या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, दार दोनदा ठोठावून झाले असेल, भांडे तरीही उपडेच असेल, तर मग शेजारधर्माच्या नावाखाली थांबू नये. शेजारधर्मात शेजारी कोण कोण, हे ठरवताना गॅलरीतल्या जिवाला आपण बिनदिक्कत वगळतो. राज्यघटनेने १९७६ पासून प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. त्यात शेजाऱ्याचे प्राणी सोडून, असे कोठेही म्हटलेले नाही.

हे करताना नाते तुटते. ते तुटणार नाही, असे सांगून मी कोणास फसवणार नाही. त्या गृहस्थांनी तेव्हापासून माझ्याशी बोलणे सोडले. जिन्यात भेटले तर ते भिंतीकडे पाहतात. त्यांचे काही चुकते असेही मला वाटत नाही. आयुष्यभर मान राखून राहिलेल्या माणसाच्या दारी अनोळखी लोक उभे राहिले आणि शेजारीपाजारी खिडक्यांतून पाहत होते. त्या लज्जेला मी कारण झालो. कुत्रा आता मुळशीकडे एका कुटुंबात आहे. मी एकदाच जाऊन पाहून आलो. त्याने मला ओळखले नाही. ओळखावे असे मी त्याच्यासाठी काय केले होते?

२०२४ च्या दिवाळीत सौ.ने फराळाचे ताट भरले आणि न बोलता माझ्या हाती दिले. दार त्या बाईंनी उघडले. त्यांनी ताट घेतले, “बरं,” एवढेच म्हणाल्या आणि दार लावले. आपल्याकडे फराळाचे ताट रिकामे परत करीत नाहीत, त्यात आपल्या घरचे काहीतरी घालून पाठवितात. ते ताट अद्याप आमच्याकडे आलेले नाही. यंदा सौ.ने दुसरे ताट काढून घासूनपुसून ठेवले आहे. पहिल्याची आठवण मी करून दिली, तेव्हा ती म्हणाली, “मागू नका. राहू दे त्यांच्याकडे.”