हयात असल्याबद्दल

नोव्हेंबर आला की आमच्या बँकेत जिवंत माणसांची गर्दी होते. एरवी काउंटरपलीकडचा माणूस जिवंत आहे की नाही याच्याशी बँकेला काही कर्तव्य नसते. (अलीकडच्याबद्दल तर विचारूच नका.) पण या महिन्यात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. हल्ली यंत्र असते. अंगठा टेकवायचा, यंत्राला पटले तर तुम्ही हयात.

परवा एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका आले. तीस वर्षे तिकिटे फाडून अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या. यंत्राने तीनदा नाही म्हटले. तेव्हा काका म्हणाले, "साहेब, मशीनला सांगा, सतराशे रुपये पेन्शन आहे. एवढ्यासाठी कोण खोटं जिवंत राहील?"

मी हसलो खरा, पण नंतर दिवसभर बेरजा चुकत राहिल्या.

काकांची पेन्शन 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली. एसटी, गिरण्या, साखर कारखाने, खाजगी कंपन्या, सगळ्यांची हीच. हिच्याविषयी कुठे बोलणे निघाले की 'तूट' हा शब्द हजर. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त सरकारी अधिकारी कारणही सांगतात, "अहो, लोक फार जगायला लागलेत!" गृहस्थ स्वतः ब्याऐंशीचे. त्यांच्या पेन्शनीवर वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो. म्हणजे काका जगले की तूट, आणि हे जगले की सहस्रचंद्रदर्शन!

तूट खोटी आहे असे मी म्हणत नाही. बी.कॉम. झालेल्या माणसाला तेवढी लाज असते. पण ती पडली कशी, ते खतावणी उघडून बघा ना! मालक पगाराच्या 8.33 टक्के भरतो आणि सरकार 1.16 टक्के. हा 1.16 कुठला? 1971 च्या कुटुंब पेन्शन योजनेतला. कामगार गेल्यावर बायकापोरांना द्यायच्या पेन्शनीसाठी सरकार तेवढे घालत असे. 1995 मध्ये त्याच आकड्यावर कामगाराची जन्मभराची पेन्शन चढवली. दोन माणसांच्या कुकरात बारा जणांचा भात लावायचा आणि मग म्हणायचे, पाहुणे फार खातात!

बरे, 'पगार' म्हणजे खरा पगार नव्हे, मर्यादेपुरता. ती मर्यादा 2001 ते 2014 अशी तेरा वर्षे 6,500 वर बसून होती. म्हणजे महिन्याला मालकाकडून जमा फार तर 541 रुपये. त्या तेरा वर्षांत एसटीचे भाडे कितीदा वाढले, ते काका तोंडपाठ सांगतील. 2014 च्या सप्टेंबरात मर्यादा 15,000 झाली आणि किमान पेन्शन हजार. पुढच्या दहा वर्षांत त्या हजारात रुपयाची भर पडली नाही. किमान तीन हजार द्या, असे राज्यसभेच्या कोश्यारी समितीने 2013 सालीच सांगितले होते. पुढे खुद्द कोश्यारी राज्यपाल म्हणून मुंबईत आले, 2023 मध्ये परतही गेले. तीन हजार काही आले नाहीत.

तूट भरून काढायची ही आपली खास रीत. पेन्शन कमी केली असे कुणी म्हणत नाही. ती आहे तिथे ठेवायची. उरलेले काम तूरडाळ करते.

माझे म्हणणे सरळ आहे. मर्यादा पगाराबरोबर दरवर्षी वाढू द्या, सरकारने आपला 1.16 वाढवावा, आणि पेन्शनीला महागाई जोडा. मर्यादा वाढली की कामगाराच्या पीएफची रक्कम घटेल, हे मला कळते. घटू दे! पीएफ मुलीच्या लग्नात जातो, मुलाच्या ब्लॉकच्या डिपॉझिटमध्ये जातो. पेन्शन कुणाला उचलून देता येत नाही, हाच तिचा मोठा गुण.

हे सगळे मी फुशारकीने बोलतो, कारण मी स्वतः जुन्या पेन्शनीतला. एप्रिल 2010 पासून बँकेत लागलेली शेजारच्या काउंटरवरची पोरे नव्या योजनेत. त्यांना किती मिळणार, ते बाजाराला ठाऊक. ती माझ्याकडे बघतात तेव्हा मी घाईघाईने पासबुके भरायला घेतो.

काकांचा दाखला शेवटी मी कागदावर भरून घेतला. 'समक्ष हजर' लिहिले, सही केली, शिक्का मारला. काकांनी त्याची एक झेरॉक्स मागितली.

"कशाला हो?"

"घरी दाखवतो," काका म्हणाले.