सर, आता सांगा तरी

लातूरमध्ये 'कोच' हा शब्द जपून वापरावा लागतो. परवा एसटी स्टँडवर मी फोनवर तावातावानं बोलत होतो, 'या कोचनं पोरीचं नुकसान केलं.' शेजारी बसलेले एक गृहस्थ कळवळून म्हणाले, 'मग बदला की क्लास. फिजिक्सला आहे का बायोला?' त्यांची काय चूक? लातूर पॅटर्नच्या गावात कोचिंग म्हणजे नीट नाहीतर जेईई. मी मात्र बास्केटबॉलच्या सरांविषयी बोलत होतो. राग पंधरा दिवस थंड होऊ दिला आणि आज लिहायला बसलो.

माझी भाची नांदेडच्या एका महाविद्यालयाच्या संघात आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे येतात. आंतरमहाविद्यालयीन सामने कधी इथं, कधी तिथं. या वेळी लातूर होतं. मी फजर पढून लोहा-अहमदपूर मार्गानं जाणारी गाडी धरली आणि वेळेत मैदानावर पोचलो. प्रेक्षक म्हणाल तर मी, दोन रिक्षावाले आणि यजमान कॉलेजची पोरं.

मध्यंतराला आमच्या मुली २४-१७ अशा पुढे होत्या. मी मनातल्या मनात शुकराना अदा करून मोकळा झालो होतो. तिथून सरांची 'पद्धत' सुरू झाली. पहिली गोष्ट, पहिल्या पाच मुली सोडून बाकीच्यांना ते मैदानात उतरवतच नाहीत. संघात बारा मुली आहेत, पण सात जणी बॅगा आणि पाण्याच्या बाटल्या राखायला असतात. दुसरी गोष्ट, आघाडी मिळाली की 'बॉल धरून ठेवा'. चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेक करावीच लागते, म्हणून वीस-बावीस सेकंद नुसतं टप्पे टाकत राहायचं आणि मग बास्केटखाली उभ्या असलेल्या उंच मुलीकडे बॉल फेकायचा. दोन मिनिटांत हे समोरच्या संघाच्या लक्षात आलं. त्यांनी उंच मुलीला दोघी चिकटवल्या. ती वैतागली, धक्काबुक्की झाली, चौथा फाउल, मग पाचवा. पाच फाउल झाले की बाहेर. पाठोपाठ दुसरीही गेली.

मग सरांना माझ्या भाचीची आठवण झाली. चौतीस मिनिटं सिमेंटच्या पायरीवर बसलेल्या पोरीला सहा मिनिटं उरली असताना आत ढकललं. तिला दोनदा मोकळी बास्केट मिळाली. दोन्ही ले-अप तिनं हुकवले. दुसऱ्या वेळी सर रेषेवरून ओरडले, 'डोळे फुटले का? जा घरी, भाकऱ्या थाप!' आम्ही ४१-४४ नं हरलो.

हार-जीत चालायचीच. मला खटकलं ते टाइम आउटमध्ये. मी घोळक्याच्या मागेच उभा होतो. साठ सेकंद मिळतात. त्या साठ सेकंदांत सरांनी पाच जणींची नावं घेतली आणि प्रत्येकीला काहीतरी ऐकवलं. शिव्या नव्हेत, पण शिव्यांच्या चुलत बहिणी म्हणा. पुढे काय करायचं, याबद्दल एक वाक्य नाही. गंमत पाहा, अमेरिकेत १९४९ पर्यंत टाइम आउटमध्ये प्रशिक्षकानं खेळाडूंशी बोलायलाच मनाई होती. तो नियम बदलला नसता तर आमच्या संघाचं भलं झालं असतं, असं त्या क्षणी वाटलं.

आणि चूक काय होती? मीही कधीकाळी खेळलो आहे, म्हणून सांगतो. उजव्या बाजूनं ले-अप करताना उजवा पाय, मग डावा पाय आणि डाव्या पायावरून उडी. भाची उजव्या पायावरून उडत होती. त्यामुळे अंग वळतं आणि बॉल फळ्यावर भलतीकडे आपटतो. एवढंच. वर्षभर ती हुकवते आहे आणि वर्षभर ओरडा खाते आहे, पण 'पाय' हा शब्द तिनं सरांच्या तोंडून ऐकलेला नाही.

परतीच्या गाडीत चाकूर मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, 'मामू, बस हो गया. अब नइं खेलती मैं.'

हे वाक्य आमच्या घरात किती महाग आहे, ते देगलूर नाक्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. या पोरीला मैदानापर्यंत आणायला बाजीला दोन वर्षं लागली. दादीची तक्रार वेगळी (उन्हात रंग जाईल), शेजाऱ्यांची वेगळी, मगरिबनंतर घरी येण्यावरून कुरबुर वेगळी. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे मी दहा वेळा समजावून सांगितलं, तेव्हा कुठे भावजी नरमले. आमचा एखादा मुलगा खेळ सोडतो तेव्हा तो पुढच्या हिवाळ्यात गल्लीतल्या पोरांबरोबर पुन्हा सुरू करतो. मुलीनं एकदा सोडलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि दार बंद होतं.

सरांचं एक देणं आहे, ते आधी मान्य करतो. भाची डोक्याला स्कार्फ बांधून, पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टात खेळते. पहिल्याच सामन्यात टेबलावरच्या पंचांनी हरकत घेतली. आम्ही काही बोलायच्या आत सरांनी मोबाईल काढला आणि नियम दाखवला. जागतिक बास्केटबॉल महासंघानं, म्हणजे फिबानं, २०१७ साली डोकं झाकण्यावरची बंदी उठवली आहे. कपडा काळा, पांढरा किंवा पोशाखाच्या मुख्य रंगाचा हवा आणि त्याला टाचणी-पिन नको, अशा अटी तेव्हा घातल्या होत्या. त्याआधी २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींनी हिजाब काढायला नकार देऊन सामना सोडला होता. अमेरिकेतली बिल्किस अब्दुल-कादिर शाळेत तीन हजारांहून जास्त गुण काढणारी खेळाडू, पण कॉलेजनंतर त्याच बंदीनं तिची व्यावसायिक कारकीर्द अडवली. सरांना हे सगळं माहीत होतं का, ते ठाऊक नाही. पण त्या दिवशी ते अडून उभे राहिले. म्हणून तर राग जास्त येतो. ज्या माणसानं दार उघडून दिलं, तोच तिला त्या दारातून बाहेर काढतो आहे.

बॉल धरून ठेवण्याच्या युक्तीचं म्हणाल, तर मोठमोठे फसले आहेत. १९८३ मध्ये अमेरिकन कॉलेजांच्या अंतिम सामन्यात ह्यूस्टन विद्यापीठाचा संघ दुसऱ्या सत्रात पुढे होता. त्या संघात नायजेरियाहून आलेला हकीम ओलाजुवान होता, जो पुढे रोजे ठेवून एनबीए खेळला आणि १९९५ च्या फेब्रुवारीत, रमजानमध्ये, महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रशिक्षक गाय लुइस यांनी आघाडी सांभाळायला खेळाची गती कमी केली. धावणाऱ्या संघाचे पाय बांधले गेले आणि शेवटच्या क्षणी नॉर्थ कॅरोलिना स्टेटनं ५४-५२ असा सामना नेला. लुइस यांनी जवळजवळ सहाशे सामने जिंकले, तरी लोक त्यांना तो एक सामना विसरू देत नव्हते. आमचे सर निदान एकटे नाहीत.

माझं खरं म्हणणं मात्र डावपेचांबद्दल नाही. घरी आल्यावर मला करीम अब्दुल-जब्बार आठवले. त्यांनी आपले कॉलेजचे प्रशिक्षक जॉन वुडन यांच्यावर २०१७ साली एक पूर्ण पुस्तक लिहिलं. शिष्य मुसलमान, गुरू धार्मिक ख्रिस्ती, आणि मैत्री गुरूच्या मृत्यूपर्यंत टिकली. वुडन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या संघाला बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. पहिल्या दिवशी ते देशभरातून निवडून आलेल्या त्या धिप्पाड पोरांना मोजे आणि बूट कसे घालायचे, ते शिकवत. मोज्याला सुरकुती पडली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो.

१९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ वुडन यांच्या सरावाला वही घेऊन बसले. ते काय बोलतात ते त्यांनी मोजलं: २३२६ नोंदी. त्यातल्या निम्म्या थेट शिकवण्याच्या होत्या, म्हणजे काय करायचं आणि कसं करायचं. निव्वळ शाबासकी सात टक्क्यांच्या आत आणि निव्वळ रागावणं जवळजवळ तेवढंच. चूक झाली की ते बरोबर करून दाखवत, मग चुकीचं कसं झालं ते दाखवत, मग पुन्हा बरोबर. भाषणं नाहीत, आरडाओरडा नाही.

मग मीही वही घेतली. एका संध्याकाळी असरनंतर मैदानाच्या पायरीवर जाऊन बसलो. तासाभरात सर ११८ वेळा बोलले. नावानं हाका आणि खरडपट्टी ७४. 'पळा, पळा' २९. शाबासकी ४. काय करायचं ते सांगणारी वाक्यं ११.

आता कोणी म्हणेल, कडक शिस्तीनंच पोरं घडतात, बॉबी नाइटला विचारा. खरं आहे, इंडियाना विद्यापीठाच्या नाइटनं तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. २३ फेब्रुवारी १९८५ ला भर सामन्यात त्यानं मैदानात खुर्ची भिरकावली आणि लोकांनी ते कौतुकानं सांगितलं. पुढे सरावात एका खेळाडूच्या गळ्याला हात घातल्याची चित्रफीत बाहेर आली आणि २००० साली विद्यापीठानं त्याला काढलं, तर विद्यार्थीच त्याच्या बाजूनं रस्त्यावर उतरले! जिंकणाऱ्याला आपण किती माफ करतो. आमचे सर तर जिंकतही नाहीत.

कॉलेजच्या सामन्याची तुलना उहुदशी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही, तौबा. पण त्या रात्री सूरह आले इमरान पढताना एका जागी थांबलो. उहुदच्या डोंगरावर तिरंदाजांना जागा सोडू नका, असं रसूलुल्लाह (स.) यांनी बजावून ठेवलं होतं. विजय झालाच असं समजून बहुतेकांनी जागा सोडली आणि जिंकत आलेली बाजी उलटली. सत्तर सहाबा शहीद झाले. याहून मोठी चूक कोणती? आणि त्यानंतरच्या आयतीत (३:१५९) बोलणं आहे ते नरमाईचं: आपण कठोर असता तर हे लोक आपल्याभोवती राहिले नसते, पांगले असते. तिथंच त्यांना माफ करायला सांगितलं आहे, आणि त्यांच्याशी मशवरा करायलाही. ज्यांनी जागा सोडली, त्यांच्याशी मशवरा! हजरत अनस (रजि.) लहान वयापासून दहा वर्षं हुजूरच्या खिदमतीत होते. त्यांना त्या दहा वर्षांत एकदाही 'उफ' ऐकावं लागलं नाही.

गुरुवारी भाची संघाचा टी-शर्ट परत करायला निघाली. मीही बरोबर गेलो. ती रेषेबाहेर थांबली आणि मी सरांना बाजूला चहाला नेलं. वही दाखवली. वाटलं, आता माझीच खरडपट्टी. त्यांनी आकडे दोनदा वाचले. म्हणाले, 'मामा, मी कबड्डीचा माणूस. कॉलेजात शारीरिक शिक्षणाला मी एकटा. कबड्डी माझ्याकडे, खो-खो माझ्याकडे, व्हॉलीबॉल, क्रॉसकंट्री, बुद्धिबळसुद्धा माझ्याकडेच. बास्केटबॉलचे तीन बॉल आहेत, त्यातल्या एकाची पकड गेली आहे. आम्हाला आमच्या सरांनी ओरडूनच शिकवलं. मला दुसरं काय येतं?'

यावर मला बोलता येईना. एवढंच म्हणालो, 'तिचा पाय चुकतो, सर.'

'पाय? कुठला पाय?'

मी सांगितलं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'दाखवा बघू.'

वय चोपन्न, गुडघा दुखतो, पायात चपला. चपला काढल्या. बारा मुली रांगेत उभ्या. उजवा, डावा, वर, असं मोठ्यानं म्हणत मी गेलो. बॉल कडीवर आपटून माझ्याच खांद्यावर आला. मुली तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या, सरही हसले. 'परत,' सर म्हणाले, 'हळू. मुलींनो, पायाकडे बघा.' मी परत गेलो. या वेळीही हुकला.

रेषेबाहेरून, टी-शर्टची पिशवी हातात धरून, भाची म्हणाली, 'मामू, पाँव गलत पड्या तुमारा.'